शेवाळ आणि आमच्या बावीचं पाणी

टाकीची पुढची काच घासायला मऊ टूथब्रश लागतो, मागच्या कोपऱ्यांना कडक. हे मला शिकायचं नव्हतं. पण नवऱ्याला वाकता येत नाही, म्हणून शिकले.

त्यांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखोलीत गेली. पाठीचं ऑपरेशन झालं, नोकरी सुटली आणि ते तोंडवलीला घरी आले ते पडवीतल्या खुर्चीत बसले. जेवायला हाक मारली की यायचे, पुन्हा खुर्ची. असा एक पावसाळा गेला. दिवाळीनंतर मात्र त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. दिरांकडून खाडीच्या मुखाबाहेरचं पाणी कॅनमध्ये आणवलं, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे सोडले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी उठू लागले. एवढ्यासाठी मी ती टाकी चालवून घेतली.

सासूबाईंना ती पटली नाही. "मासो घरात हाडतत तो खाऊक. ह्यो नुसतो बघूक?"

दुसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. शोभेचे मासे विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, नव्या टाकीला होतं, थांबा. थांबलो. ती गेली आणि हिरवे केस उगवले. दगडांवर, नळीवर, काचेवर. उजेड कमी व्हावा म्हणून मी खिडकीला जुनी चादर लावली, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. सकाळी पर्यटक पाहुण्यांना भाड्याने देतो त्या दोन खोल्या आवरायच्या, नाश्ता द्यायचा, मग कोपरापर्यंत हात टाकीत. चार दिवसांत पुन्हा तेवढंच. हाताला खाऱ्या पाण्याने भेगा पडल्या.

"न्हाणीच्या पायरेवरचा शेवाळ मी चुनो घालून काढतंय," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू घरात पोसतंस गो."

एका सकाळी हे खुर्चीतूनच म्हणाले, "काढून टाकूया ती टाकी. दमलंस तू."

दमले होतेच. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण टाकीपुढे रोज असणारी त्यांची खुर्ची पुन्हा पडवीत गेलेली दिसली आणि मी म्हटलं, "आठ दिवस थांबा."

टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज वर गोडं पाणी घालावं लागतं. ते मी बावीचं घालत होते. बाव म्हणजे आमची विहीर. तिच्या पाण्याचं कौतुक पाहुणेसुद्धा करतात, त्यामुळे तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. त्या दिवशी कळशी भरताना शेजारच्या माडांकडे लक्ष गेलं. पावसाळा संपताना त्यांच्या आळ्यांत सुक्या मासळीचं खत मीच घातलं होतं. बावीपासून चार हातांवर. माडाला जे मानवतं ते शेवाळाला का मानवणार नाही?

तीन बरण्या घेतल्या. तिन्हींत समुद्राचं पाणी आणि हिरव्या केसांची एकेक चिमूट. एकीत तेवढंच, दुसरीत वाटीभर बावीचं पाणी, तिसरीत तेच, पण पाहुण्यांच्या खोलीतल्या आरओ फिल्टरमधून काढलेलं. पडवीच्या कठड्यावर, यांच्या समोरच, ओळीने ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ते उठून बरण्या बघायला लागले. आठव्या दिवशी मधली बरणी गच्च हिरवी होती. बाकी दोन जवळपास होत्या तशाच.

सासूबाईंनी बरणी उचलून उजेडात धरली. "ह्या बावीच्या पाण्यार माजी चार पोरां वाढली. तुज्या दोन माशांक ता चालना नाय?"

"पोरां वाढली तसा शेवाळ वाढता," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी आईला उलटून बोलले. त्या रागावून आत गेल्या. संध्याकाळी पुन्हा येऊन बरण्या बघून गेल्या.

आता टाकीत फिल्टरचं पाणी जातं. शेवाळ संपलेलं नाही. मला आठवड्यातून एकदा घासावं लागतं, पूर्वी दर चार दिवसांनी लागायचं. फिल्टर पाहुण्यांच्या मागच्या खोलीत आहे. पहिल्या दिवशी यांनी पाणी मागितलं तेव्हा माझे हात पिठात होते. म्हटलं, तुम्हीच आणा. कळशी उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून ते तांब्याने आणतात. पाच-सहा खेपा होतात. अंगण ओलांडून जातात, येतात, वाटेत थोडं सांडतात.

मी घासत असले की मागे उभे राहून सांगतात, "त्या कोपऱ्यात शेवाळ रवला हा."

कडक ब्रश घेते आणि तो कोपरा घासते.