आंगणातल्या बिडीचा नियम

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे मिळून जेवढा धूर काढत असतील, त्यातला निम्मा सिंदेवाहीजवळच्या एका बाईंच्या आंगणातून निघतो, असा माझा ठाम समज होता. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. निराधार मुलांना वसतिगृहात ठेवण्याऐवजी चांगल्या घरी सांभाळायला द्यावे, अशा एका योजनेत मला गृहभेटींची नोकरी लागली होती. वडील गावात सांगत, "पोरगा तपासनी करते." त्या एका शब्दाने माझी मान इतकी ताठ झाली, की बाईंच्या ठेंगण्या दारात डोके दर भेटीला आपटे.

बाई विधवा, धानाची थोडी शेती, आणि सांभाळायला घेतलेली चार मुले: दोन मुलगे, दोन मुली, सगळी तेरा ते सोळा वर्षांची. बाईंच्या कानावर सदैव एक बिडी खोचलेली असे. मुलांची तोंडे हुंगणे त्यांना कमीपणाचे वाटे. म्हणून संशय आला की समोर बसवून त्या सतराचा पाढा म्हणायला लावत. पाढा त्यांना स्वतःला येत नव्हता, त्यांना फक्त श्वास हवा असे. एकदा मी पोचलो तेव्हा पाढा चालू होता. मलाही बसवले. मी सतरा नवे चुकलो, आणि एस.टी.तल्या शेजाऱ्याच्या बिडीचा वास अंगाला लागला होता त्याबद्दल वर बोलणीही खाल्ली.

त्यांचा नियम एकच होता. "ओढाची त माह्यासमोर, आंगनात. लपून ओढली त घर जळन." समोर ओढणाऱ्याला त्या आपल्या बैलाच्या आजारपणाची हकीकत पहिल्यापासून ऐकवत. ती ऐकून थोरल्या मुलाची बिडी महिन्याला एकावर आली होती. मला मात्र ही पद्धत अडाणीपणाची वाटली, कारण ती माझ्या पुस्तकात नव्हती.

माझ्याजवळच्या फॉर्मात 'व्यसन' असा रकाना होता. दोन्ही मुलग्यांपुढे मी 'आहे, सुधारणा अपेक्षित' असे लिहून मोकळा झालो. मग कळले, की चौदा वर्षांची सुमनही आंगणात बसून बैलाची हकीकत ऐकते. माझा पेनच थांबला. मी चौघांना ओळीत बसवून भाषण दिले. मुलग्यांना फुप्फुसांविषयी सांगितले. मुलींना सांगितले, की हे मुलीच्या जातीला शोभत नाही, लोक काय म्हणतील, आणि पुन्हा दिसले तर वसतिगृहात परत जावे लागेल. भाषण उत्तम झाले असे परतीच्या वाटेवर माझे मीच ठरवले.

पुढच्या भेटीला गेलो तो आंगणाच्या कडेला काळी राख. वर्षभराचा बैलांचा चारा, तणसाचा अख्खा ढीग, जळून गेला होता. मुलगे आंगणात बसूनच ओढत राहिले होते. सुमन मात्र माझ्या भाषणानंतर तणसामागे जाऊ लागली होती. तिच्या वेणीचे टोक करपले होते, एवढ्यावर निभावले. मी दिसताच ती आत गेली आणि आपली पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी राहिली.

"मले आजच नेता का, भाऊ?"

मी साहेबी आवाज काढून विचारले, "तुला ही सवय लागली कशी?"

"आजा म्हने, चुलीतून पेटवून आन. पेटवाले दोन झुरके घ्यावाच लागते. माह्या भाऊले कोनी सांगत नोहोते, मलेच सांगत. आजा मेला, झुरके राह्यले."

बाई राखेकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी शिकलेले. पोट्ट्याची बिडी फुप्फुसात जाते आन पोट्टीची इज्जतीत जाते, असं पुस्तकात हाये का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग सांगितलं काऊन?"

पदवीधर माणसाजवळ दर प्रश्नाला उत्तर असते असे वडील मानत. त्या दिवशी ते तिथे नव्हते, हे बरेच झाले. मी ओसरीवर बसून अहवाल लिहिला. आगीचे कारण: भेट देणाऱ्या कार्यकर्त्याचा चुकीचा उपदेश. मुलीचा दोष नाही, तिला याच घरी ठेवावे. मग तो मोठ्याने वाचून दाखवला. सुमनने दोनदा वाचायला लावला, आणि पेटी आत नेली. कार्यालयात साहेबांनी मला बराच वेळ उभे ठेवले आणि विचारले, "तुमची तब्येत ठीक आहे ना?" सही मात्र केली.

त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा बाई आपली बिडी पेटवायला स्वतः उठत. गुडघे कुरकुरत, कंबर धरावी लागे, पण चुलीपर्यंत जात. पूर्वी हे काम सुमनचे होते, हे मला थोरल्या मुलाकडून कळले; बाईंनी कधी सांगितले नाही. बदली होण्यापूर्वी शेवटचा गेलो तेव्हा त्या बाजेवर होत्या, उठवत नव्हते. पायाशी बसून सुमन मॅट्रिकचा अभ्यास करत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिले, हाक मारायला तोंड उघडले, आणि मिटले. मग कानावरची बिडी न पेटवताच ओठात धरून त्या कितीतरी वेळ माझ्याशी बोलत बसल्या.