किडकिडीत मुलाचं स्थळ

बारीक माणूस आमच्या राहुरीकडे लग्नाच्या बायोडाटात ‘सडपातळ’ असतो, मित्रांत ‘लुकडा’, आणि बरगड्या मोजता येऊ लागल्या की ‘किडकिडीत’. हा शब्द उच्चारताना लोक नाक मुरडतात. मला मात्र त्यात तारेचा ताण ऐकू येतो, आणि याला कारण माझा पुतण्या.

ऊस पिकवणारा मुलगा. शेतकऱ्याला मुलगी मिळणं आधीच अवघड, त्यात दोन ठिकाणांहून निरोप आला, ‘मुलगा फारच किडकिडीत.’ वहिनींनी धसका घेतला. तिसरं स्थळ देवळाली प्रवऱ्याचं. निघताना मीच युक्ती काढली: शर्टाच्या आतच दोन बनियन आणि त्यांवर हाफ स्वेटर. दिवस मे महिन्याचे.

“बघा वहिनी, पैलवान झाला.”

“काका, पैलवान शिजायला लागलाय,” पुतण्या म्हणाला.

मुलीकडे पोहे आले आणि लाइट गेली. पत्र्याखाली त्याच्या हनुवटीवरून घाम थेट बशीत टपकू लागला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “पाव्हणं, ताप हाय का?”

“त्याला ऊन सोसत नाही,” वहिनी घाईनं बोलून गेल्या. संपलं. शेतकरी, आणि ऊन सोसत नाही. मुलीच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिसरा नकार मला समोर दिसू लागला.

पुतण्यानं बशी खाली ठेवली. उभा राहिला, शर्ट काढला, स्वेटर आणि वरचा बनियन उतरवून माझ्या मांडीवर ठेवले आणि शर्ट परत घातला. तो खुंटीला अडकवल्यासारखा लोंबला.

“ताप न्हाई मामा. मी एवढाच हाय. बाकीचं काकांचं.”

मी छताचे पत्रे निरखू लागलो. तेवढ्यात मुलगी बोलली. आमच्यात मुलीला प्रश्न विचारतात, ती विचारत नाही. हिनं विचारलं.

“उसाची मोळी उचलता का?”

“डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढवतो. मजूर न्हाई आले तर दिवसभर.”

“आमचे दादा फळीवर चढले तर फळीच मोडंल,” ती आपल्या जाडजूड वडिलांकडे बघत म्हणाली. सर्वांत आधी हसले ते वडीलच.

“किडकिडीत चालंल मला,” ती म्हणाली. “फसवणारा नको हुता.”

साखरपुड्याचे कपडे शिवायला तीच त्याला शिंप्याकडे घेऊन गेली. शिंपी मापात दोन बोटं वाढवायला लागला, तर तिनं टेप धरला. “ढगळ नको. अंगाबरोबर शिवा.”