बुजवलेलं दार

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीलगतच्या एका टेकडीवर आम्ही जुना कोट उकरत होतो. हजारेक वर्षांपूर्वीचा, लहानसा. तेव्हाही हा मुलूख दोन राज्यांच्या मधलाच. कधी याचा, कधी त्याचा. मी खोदकाम पाहायची, माझे एक सहकारी नकाशे काढायचे, आणि खालच्या वाडीतल्या एक मावशी वर येऊन, बाभळीखाली चूल मांडून आम्हाला भाकरी करून घालायच्या.

ऊन डोक्यावर आलं की खड्ड्यात बसल्याबसल्या भाकरी थापल्याचा आवाज यायचा. थप, थप. लगेच भूक लागायची.

एकदा तो आवाज ऐकून मी हात धुवायला वर आले, तर चूल गार. मावशी डोक्यावर टोपलं घेऊन टेकडी चढत होत्या.

“उशीर झाला बगा. बाजार हुता. भाकरी घरनंच आनल्यात.”

“मग आत्ता इथं कोण थापत होतं?”

त्यांनी टोपलं खाली ठेवलं. “हितं कोन हाय थापायला?”

जेवण झाल्यावर मी पुन्हा खड्ड्यात उतरले. कोटाचं एकुलतं एक दार दगडमातीनं बुजवलेलं होतं. शत्रूनं बाहेरून बुजवलं असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दुपारी मी आतल्या बाजूची राख ब्रशनं झाडली. खाली लिंपलेला चिखल होता, आगीत भाजून विटेसारखा झालेला. त्यावर हातांचे पंजे उमटले होते. मोठे, मध्यम, आणि खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर अगदी लहान. घाईघाईनं, एकावर एक.

दार आतून बुजवलं होतं. आणि आत आम्हाला माणसाचं एकही हाड मिळालं नव्हतं.

मी सहकाऱ्यांना हाक मारली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

“भिंतीवरून उतरून गेले असतील,” मी म्हणाले.

“असतील.” मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्हालाही ऐकू येतं का? थापल्यासारखं?”

“तुम्हाला कधीपासून येतंय?”

“पहिल्या दिवसापासून. मावशी यायला लागायच्या आधीपासून.”

हे कानावर गेल्यावर मावशी पुन्हा टेकडी चढल्या नाहीत. आम्हीच दुपारी त्यांच्या ओसरीवर जाऊन जेवायचो. खड्ड्यातलं काम मात्र चालूच ठेवावं लागलं, आणि आवाजही येत राहिला. पुढंपुढं तर त्यातले लहान हात मला वेगळे ओळखू यायला लागले.

हंगाम संपला तेव्हा आम्ही दारावर प्लास्टिक टाकलं, वर माती लोटली आणि उजेड असतानाच खाली उतरलो.