सरवरापाशी बसणारा धनाजी

धनाजी ढेबे दवाखान्यात नक्की काय करतो, हे सात वर्षांत कुणाला धड सांगता आलं नव्हतं. हजेरीपटावर ‘आयटी सहायक’ असं लिहिलेलं होतं, पण हजेरीपट वाचतो कोण? वेल्ह्याच्या अलीकडे एका मंडळानं चालवलेला हा धर्मादाय दवाखाना. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सगळं कॉम्प्युटरवर. आणि ते सगळं चालायचं मागच्या थंडगार खोलीतल्या सर्वरवर. कपाटाएवढं काळं यंत्र, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून धनाजी. ते चालू असलं की लोक म्हणत, हा नुसता बसून असतो. बंद पडलं की म्हणत, मग हा दिवसभर करतो काय? घ्या, म्हणजे दोन्हीकडून मार.

त्याचे वडील सावळाराम पानशेतच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यात म्हशी राखतात. एकदा ते दवाखान्यात आले, पोराच्या खोलीत तासभर बसले, आणि घरी जाऊन म्हणाले, आपला धन्या तिथं काय करत न्हाई, बसून असतो. सरळ माणूस, जे डोळ्यांनी पाहिलं तेच बोलला. पण धनाजीला ते जे लागलं ते लागलंच. सर्वर कायमचा बंद का पडत नाही, तर त्याआधीच आपण त्याला सावरतो, हे आबांना समजावायचं कसं?

तसा तो आधीपासूनच तंद्रीत राहणारा. भोरला मावशीकडे राहून डिप्लोमा केला, तेव्हाही मावशी म्हणायची, हा इथं जेवतो आणि भलतीकडंच राहतो. सर्वरच्या खोलीला एक छोटी खिडकी होती. हिवाळ्यात सकाळी तिच्यातून तोरण्याचा कडा दिसायचा. खालून धुकं चढत जायचं, कड्याला गुंडाळायचं, आणि बघता बघता अख्खा गड नाहीसा व्हायचा. यंत्राची एकसुरी घरघर चालू असायची. त्या घरघरीत धनाजीला माईकचा आवाज ऐकू यायचा. दवाखान्याचा वर्धापनदिन आहे, मांडव घातलाय, आबा पटका बांधून पुढं बसलेत, आणि कुणीतरी माईकवरून त्याचं नाव घेतंय. बस, एवढंच. शाल नको, नारळ नको. आबांच्या कानावर नाव पडलं पाहिजे. मग धुकं उतरायचं, गड परत जागेवर यायचा आणि केसपेपरच्या खिडकीवरची प्रगती ओरडायची, “धनाजीदादा, सर्वर पडला!”

हे ‘सर्वर पडला’ बाकावर बसलेले सगळे पेशंट ऐकायचे. त्यातच पासलीच्या कोंडाबाई होत्या. बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला यायच्या. त्यांच्या कानावर महिनोन् महिने हेच येत होतं. सर्वर पडला. सर्वर तापलाय. सर्वर उठला का? धनाजीनं उठवला एकदाचा. त्याला एसीतच ठेवावं लागतं. आता दवाखान्यात बसलेल्या बाईनं काय समजावं, तुम्हीच सांगा. म्हातारीनं समजूत करून घेतली की आतल्या खोलीत सरवर नावाचा कुणी बिचारा खितपत पडलाय.

एक दिवस त्या मागच्या दाराशी आल्या. धनाजी तंद्रीतच होता.

“सरवर कसाय आता?” त्यांनी हळूच विचारलं.

“बरा हाय, आजी. सकाळी लई तापला होता.”

“त्याला कोन हाय का न्हाई?”

“मीच हाय की.”

कोंडाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली आणि गेल्या. धनाजीला वाटलं, म्हातारीला कॉम्प्युटरची भारीच काळजी. पुढल्या महिन्यात त्या किटलीभर नाचणीची आंबील घेऊन आल्या, म्हणाल्या, आजाऱ्याला पाज, अंगात ताकद येईल. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

खरं सांगायला पाहिजे होतं. त्यानं सांगितलं नाही. लबाडी म्हणा हवं तर. पण सात वर्षांत सर्वर कसा आहे हे त्याला आपण होऊन कुणी विचारलं नव्हतं, आणि ही बाई दर महिन्याला विचारत होती, वर म्हणत होती, तू बी दमला असशील. त्या शब्दानं त्याचे डोळे भरून यायचे. आंबील तो स्वतःच प्यायचा, सर्वरकडे पाठ करून.

माघात दवाखान्याचा वर्धापनदिन आला. यंदा कर्मचाऱ्यांचा गौरव करायचं ठरलं. प्रमाणपत्रं कुणी करायची? धनाजीनंच. व्यवस्थापक शेफाली मॅडमनी सतरा नावांची यादी पाठवली. परिचारिका, ड्रायव्हर, स्वयंपाकीण, माळी, प्रगती. त्यानं यादी खालून वर आणि वरून खाली वाचली. त्याचं नाव नव्हतं. दुसरा कुणी असता तर तिथंच समजला असता. पण धनाजीनं मनाशी म्हटलं, आपलं प्रमाणपत्र आपल्यालाच कसं करायला सांगतील? ते गुपचूप भोरला छापायला दिलं असणार. त्याच भरवशावर चार दिवस गेले, आणि या भल्या माणसानं आबांना कार्यक्रमाला यायचा निरोप धाडला.

आबा आले, तिसऱ्या रांगेत बसले. धनाजी एका कडेला लॅपटॉपजवळ उभा होता, कारण पडद्यावर नावं सरकवायचं कामही त्याच्याकडेच. पहिलं नाव पुकारलं, त्यानं बोट दाबलं, टाळ्या झाल्या. दुसरं, तिसरं. सतरावं नाव माळ्याचं. त्यानंतर त्याचं बोट तसंच अधांतरी राहिलं, आणि माईकवरून आवाज आला की आता रुग्णांच्या वतीनं कोंडाबाई दोन शब्द बोलतील. धनाजीनं आबांकडे बघायचं टाळलं.

कोंडाबाईंनी डॉक्टरांचे आभार मानले, नर्सबाईंचे मानले. मग त्या म्हणाल्या, “आन त्यो आतल्या खोलीतला सरवर? सारखा पडतोय बिचारा. हे पोरगं त्याचं इतकं करतंय, त्याला कसं इसरला तुमी?”

मांडवात हशा पिकला. प्रगती तर पदर तोंडाला लावून हसत होती. शेफाली मॅडम उठल्या, आजींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी समजावलं की सर्वर म्हणजे माणूस नव्हे, मशीन आहे. धनाजीला वाटलं, धरणी फाटावी आणि आपण आत जावं. स्वतःची लाज एक वेळ चालली असती, पण त्याच्या मुकेपणानं म्हातारीचं हसं झालं होतं.

कोंडाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “व्हय रं?”

“व्हय, आजी,” तो कसाबसा म्हणाला. “चुकलो म्या. सांगाया पाहिजे हुतं.”

म्हातारी रागावली असेल तर दिसलं नाही. मग तिनं माईक पुन्हा तोंडाशी नेला.

“मशीन तर मशीन. पडल्यावर त्याला उठवाया मानूसच लागतंय न्हवं? मग त्या मानसाचं नाव घ्या.”

हसू थांबलं. प्रगतीनंही पदर खाली घेतला, कारण रोज हाका मारणारी तीच होती. शेफाली मॅडमनी माईक हातात घेतला, कागद चाळले, मागचे पुढे केले. “आपले धनाजी...” त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. शेजारच्या डॉक्टरांकडे झुकून त्यांनी हळू विचारलं, “यांचं पूर्ण नाव काय हो?” माईक चालूच होता. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या रांगेत सावळाराम उभे राहिले.

“धनाजी सावळाराम ढेबे,” ते म्हणाले. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या म्हशींना हाक घालणारा गळा तो. माईक नसतानाही पार मागच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.