अण्णांची दुपारची ड्युटी

दुपारचं जेवण झालं की अण्णा खाकी शर्ट अंगात घालतात, खिशावर बिल्ला लावतात आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसतात. मी शेजारी स्टूल ओढते. माझ्या एका हातात स्टीलचा पेला असतो, दुसऱ्या हातात चमचा. पडद्यावर आधी एक पांढरं चक्र फिरतं, आणि ते थांबेपर्यंत मी पडद्यावरून नजर काढत नाही. मग लाल गाडी दिसते. मी पेल्यावर दोनदा चमचा वाजवते, डबल बेल मिळाली म्हणून अण्णा गिअर टाकतात, आणि मी श्वास सोडते.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, हदगाव-भोकर रस्त्यावर त्यांची अर्धी हयात गेली. आता त्यांना विसरायला होतं. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले, आधी नांदेडला आणि मग नवऱ्याची बदली झाली तसे लातूरला. सकाळी चहा घेतला का, हे त्यांना सांगता येत नाही. तामशाच्या पुढं रस्ता कुठं खचलाय हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

मी लहानपणापासून घाबरट. हदगावला आमच्या घरी दिवेलागण झाली आणि अण्णा आले नसले, की मी दारात जाऊन उभी राहायची. आई रागवायची, पण तिचं निम्मं लक्ष दाराकडंच असायचं. गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचं ते ठरलेलं होतं. मागून येणाऱ्या गाडीत पाशिंजर बसवून द्यायचे, कंडक्टरनं त्यांच्याबरोबर पुढं जायचं, आणि ड्रायव्हरनं गाडीपाशी थांबायचं. मग कंडक्टरकाका घरी जाता जाता आमच्या दाराशी थांबून निरोप द्यायचे, की गाडी बंद पडलीय, उशीर होईल. निरोप आला म्हणजे अपघात झालेला नाही, एवढं मला कळायचं. निरोप येईपर्यंत मात्र मी मनातल्या मनात सगळे अपघात करून मोकळी झालेली असायची.

लातूरला आल्यावर ही जुनी भीती उलट्या अंगानं आली. इथं अण्णांना गल्लीसुद्धा ओळखीची नव्हती. एका दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि खाली आले तर दार उघडं. क्लासला जाणाऱ्या पोरांच्या गर्दीत, रिक्षांच्या मधून, जुना खाकी शर्ट चढवून पण चपला न घालता ते निघून गेले होते. नवऱ्याला ऑफिसातून बोलावलं आणि आम्ही दोघं दोन दिशांना शोधत फिरलो. शेवटी ते बस स्टँडवर सापडले. फलाटावर लागलेल्या एका रिकाम्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. खाकी शर्ट पाहून मागं माणसं येऊन बसली होती. एका बाईनं तान्हं लेकरू मांडीवर घेतलं होतं. गाडी कशी चालू झाली नाही आणि काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करत नाही.

त्यानंतर नवऱ्याला हा गेम आठवला. गाडी चालवायचा गेम, त्यानं नांदेडला असताना स्वतःच्या हौसेसाठी घेतलेला. कुणा हौशी माणसानं त्यात आपल्याकडचे रस्ते आणि लाल गाडी घातली होती. कडेला बाभळी, मधे म्हशी, थांब्यावर पत्र्याचं शेड. नवऱ्यानं टेबलाला स्टिअरिंग बसवलं. अण्णा बसले आणि पडद्याकडं न बघता म्हणाले, "कंडक्टर कुठाय?" तेव्हापासून पेला आणि चमचा माझ्याकडं आला. एक फेरी झाली की अण्णा उतरतात, हातपाय धुतात, चहा पितात आणि संध्याकाळभर शांत असतात. ज्या दुपारी लाईट जाते, त्या दुपारी ते दाराकडं जातात. म्हणून आम्ही इन्व्हर्टर घेतला.

पण लाईटवर इलाज आहे, गेमच्या कंपनीवर नाही. अण्णा घाटातून गाडी काढत असतात आणि मधेच काचेवर चौकट टपकते, की नवा हॉर्न घ्या, समोर लावायला झेंडूचा हार घ्या, सोनेरी रंग घ्या. रस्ता दिसेनासा होतो आणि अण्णा कचकन ब्रेक मारतात. त्यांना वाटतं कुणीतरी आडवं आलं. ती चौकट मी बंद करेपर्यंत ते ब्रेकवरचा पाय काढत नाहीत. एकदा विकत घेतलेल्या गाडीत रोज येऊन हार विकायचा हा कुठला धंदा, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आपण विकत घेतलेलं नाहीच, त्यांनी आपल्याला चालवू दिलंय. हे ऐकून मला राग यायला हवा होता. मला भीतीच वाटली.

आणि मग ती सूचना आली. गेम नेटवरच्या ज्या दुकानातून घेतला होता तिथून कंपनी तो काढून घेणार होती. तिनं स्वतःचं वेगळं दुकान थाटलं होतं, आणि यापुढं गेम चालेल तर तिथूनच. जुन्या लोकांनी अमुक तारखेच्या आत नव्या दुकानात खातं जोडून घ्यायचं. जोडणं सोपं होतं. नोंदवलेल्या मोबाईलवर कोड येणार, तो टाकायचा.

नोंदवलेला मोबाईल आमचा नव्हता. नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक नेट कॅफेवाला होता. लाईटबिल, परीक्षेचे फॉर्म, अण्णांचा पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं तोच करायचा, आणि जिथं मोबाईल नंबर मागतात तिथं बिनदिक्कत स्वतःचा टाकायचा. म्हणायचा, कोड आला की मीच बघून टाकतो, तुम्हाला कशाला तकलीफ. आम्हालाही ते बरं वाटायचं. सगळी गल्ली त्या एका नंबरवर चालायची. नवऱ्याचं कार्ड परदेशी दुकानात चाललं नाही तेव्हा हा गेमही त्यानंच घेऊन दिला होता, त्याच्या मेलवर, त्याच्या नंबरवर.

त्या नंबरला फोन लावला तर कुणी उचलेना. कंपनीला लिहिलं तर मशीनचं उत्तर यायचं, की कोड नोंदवलेल्या मोबाईलवर पाठवला आहे. मी पुन्हा लिहायची, मशीन पुन्हा तेच सांगायचं, इतक्या आदबीनं की भिंतीवर डोकं आपटावं. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण हाच गेम चोरून उतरवलेला खेळत होता. त्याला ना कोड लागत होता ना खातं, मजेत चालला होता. त्यानं पेन ड्राइव्ह दिलाही, पण त्यात आमचा रस्ता बसेना. नुसतेच परदेशातले गुळगुळीत हमरस्ते. अण्णांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ही माझी लाईन न्हाई.

शेवटच्या दिवशी मी नांदेडला गेले. कॅफेच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. शेजारच्या शिंप्याकडून नवा नंबर मिळाला. कॅफेवाला आता भोकरला बी-बियाणांचं दुकान चालवत होता. फोनवर अगत्यानं बोलला, अण्णांची चौकशी केली. ते सिम त्यानं कधीच सोडून दिलं होतं. मोबाईल कंपनीनं ते दुसऱ्या कुणाला दिलं असेल, म्हणाला. मेलचा पासवर्ड आठवत नव्हता. "ताई, अर्ध्या गल्लीचं त्या नंबरवर अडकून हाय. तुम्ही पयल्या न्हाईत."

स्टँडवर उभं राहून मी तो जुना नंबर पुन्हा लावला आणि या वेळी एका बाईनं उचलला. बोलण्यात तेलुगू हेल होता, देगलूरकडची असावी. मी गेमचं नाव काढताच तिचा आवाज बदलला. रोज तिच्या मोबाईलवर कोड येत होते, आठवड्यापासून तिला नीट झोप नव्हती. कुणीतरी आपल्या खात्याच्या मागं लागलंय असं तिला वाटत होतं. ते कुणीतरी मी होते. "कोड कुणाला सांगायचा नसतो," ती म्हणाली. "टीव्हीवर सांगतेत, बँकेत सांगतेत. पुन्हा फोन कराल तर पोलिसात जाईन." तिनं फोन ठेवला. तिचं बरोबरच होतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, वर चार शिव्या घातल्या असत्या.

परतीची गाडी अहमदपूरला थांबली असताना नवऱ्याचा फोन आला. गेम बंद झाला होता. चक्र फिरलं, आणि गाडीऐवजी कोड मागणारी काळी चौकट आली. अण्णा अंगात खाकी घालून दारापाशी होते, आणि नवऱ्यानं दाराला आतून कुलूप लावलं होतं. फोनमधून मला दार वाजल्याचं ऐकू येत होतं. वडील आतून दार वाजवत होते आणि मी तिथं ड्रायव्हरचा चहा होण्याची वाट बघत होते. लातूर येईपर्यंत मी त्यांना खिडकीतून उतरवलं, हमरस्त्यावर आणलं, ट्रकखाली घातलं. लहानपणची सवय गेलेली नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णांच्या हाताची बोटं दार वाजवून लाल झाली होती. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांचा दंड धरला, खुर्चीत बसवलं, स्टूल ओढलं आणि पेल्यावर दोनदा चमचा वाजवला.

ते लगेच सावरून बसले. गिअर टाकला, पाय दाबला. पडदा काळाच होता, मधे तेवढी चौकट. ते थोडा वेळ वाट बघत राहिले. पुन्हा गिअर टाकला. मग त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं वळून, कामाच्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"गाडी पिकअप घेऊन न्हाई राहिली बाई. दिवेबी गेले. पाशिंजर मागच्या गाडीत बसवून द्या. तुम्हीबी जा त्यांच्यासंग."

मी म्हटलं, तुम्ही चला की.

"मी गाडीपाशी थांबतो." मग म्हणाले, "हदगावला उतरल्यावर माझ्या घरी तेवढा निरोप द्या. म्हणावं गाडी बंद पडली, दुसरं काही न्हाई. पोरगी दारात उभी असंल, लई भेते ती."

मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला रडू आलं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण अण्णा खरोखर थांबले होते. जेवायला उठेनात. ताट पुढं नेलं तर म्हणाले, गाडी सोडून येता येत न्हाई. पाणी घेईनात, लघवीला उठेनात. वर्षभर मी त्यांना जाऊ नका म्हणून अडवत होते. आता ते जागचे हलत नव्हते, आणि दाराचं कुलूप उघडंच राहिलं होतं.

मी त्या बाईला पुन्हा फोन लावला. पोलिसात जाते तर जाऊ दे. तिनं उचलला. मी म्हटलं, कोड नका सांगू, नुसतं ऐका. आणि सगळं सांगितलं, स्टँडवरची गाडी, मागं बसलेली बाई, पेला, चमचा, तामशाचा रस्ता, आणि माझे वडील अंधारात बंद गाडीपाशी बसलेत ते. तिचे सासरे असेच उठून निघून गेले होते, असं ती हळूच म्हणाली. सापडले का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मग म्हणाली, "आता पाठवा कोड."

नवऱ्यानं बटण दाबलं. तिनं एकेक आकडा थांबून थांबून वाचला, मी मोठ्यानं म्हटला, नवऱ्यानं टाकला. पांढरं चक्र फिरलं. बराच वेळ फिरलं. आणि लाल गाडी दिसली, मागं बाभळी होत्या. मी पेला वाजवला. अण्णांनी गाडी हदगावला आणली, फलाटाला लावली, उतरले आणि मला म्हणाले, "भूक लागली बाई." जेवताना त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली.

नव्या दुकानाला आमचा भरवसा नाही. अधूनमधून, कधी ते न सांगता, ते पुन्हा कोड मागतं. नंबर बदलून घ्यायचा तर त्याचाही कोड जुन्या नंबरवर, वर ज्याच्या नावानं खातं आहे त्याच्या मेलवर पत्र, आणि तो मेल भोकरच्या बियाणेवाल्याला उघडत नाही. म्हणून त्या अनोळखी बाईच्या सिमचं रिचार्ज मी इथून मारते. ते बंद पडू नये, हरवू नये, तिनं ते बदलू नये, असं मला रोज वाटतं. तिला मी पाहिलेलं नाही. ती शेतात असते, कधी मोबाईल घरी राहतो, कधी रेंज नसते.

कोडची चौकट आली की मी फोन लावते. अण्णा स्टिअरिंग धरून बसलेले असतात. तिकडं नुसती रिंग वाजत राहिली की मी फोन कानाला लावून उठते आणि दारात जाऊन उभी राहते.