प्लॅटफॉर्मवरच्या काकू

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात: रुळांचे तुकडे आणि किस्से. रुळांचे तुकडे बायको अधूनमधून भंगारात देते. किस्से राहतात.

झाशीत आम्ही तिघंच नादिष्ट. मी, इथल्या कारखान्यात इंजिनिअर. कुलकर्णीकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. आणि तिवारीजी, सीपरी बाजारात पंखे विकतात, आमचं वायरिंग सांभाळतात. कुठे प्रदर्शन भरलं की पदरचं भाडं भरून स्टॉल घ्यायचा आणि लोकांना फुकट गाड्या दाखवायच्या, हा आमचा धंदा.

*

एका बाईंनी विचारलं, "भैया, इसका आपको मिलता क्या है?"

तिवारीजी म्हणाले, "मिलता नहीं, बहनजी. हम देते हैं."

बाईंनी मुलाचा हात धरला आणि त्याला हळूच मागे ओढलं.

*

एकदा शेजारी मसाजच्या खुर्चीचा स्टॉल होता. खुर्ची सुरू झाली की आमचं टेबल थरथरायचं आणि मालगाडी घसरायची. काका तणतणत भांडायला गेले, ते परत येईनात. जाऊन बघतो तर विक्रेत्याने त्यांनाच खुर्चीत बसवलेलं.

"काका, मालगाडी पडलीय."

डोळे न उघडता म्हणाले, "मालगाडीच ना? थांबेल."

*

जवळच्या एरच गावाहून आलेले एक आजोबा वाकून वाकून प्रत्येक डबा बघत होते. शेवटी सरळ झाले. "जौ तौ नकली आय. जनरल डिब्बे में सीट खाली है."

पुढच्या वेळी काकांनी त्या डब्यात इतकी माणसं कोंबली की इंजिनाला डबा ओढवेना.

*

मी 'कृपया हात लावू नये' अशी मराठी-हिंदी पाटी लावली, तर कुणी बघेना. तिवारीजींनी ती काढून 'छूने पर करंट लगेगा' अशी लावली. मग खरंच लागतो का, ते बघायला रांग लागली.

*

कुलकर्णीकाकू प्रदर्शनाला कधीच येत नसत. "जन्मभर गाड्याच बघितल्या," म्हणायच्या. एकदा मात्र काकांचा जेवणाचा डबा घेऊन आल्या.

काकांनी त्यांच्या पहिल्या बिऱ्हाडाजवळचं छोटं स्टेशन हुबेहूब केलंय. पाण्याची टाकी, पिंपळ, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला हिरव्या साडीतली, नखाएवढी एक बाई. कोण म्हणून विचारलं की काका सांगत, "पॅसेंजर."

काकूंनी चष्मा लावला.

"अहो, ही मी का?"

"हो."

"आणि तुम्ही?"

काकांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्याच्या उघड्या व्हरांड्यात झेंडी घेतलेला गार्ड उभा होता.

"म्हणजे इथेही तुम्ही गेलात, मी उभीच."

तिवारीजी उगाच टेबलाखाली वायर बघायला शिरले.

काकूंनी त्या बाईला चिमटीत धरून उपटलं. गोंद टक् करून सुटला. बाईला त्यांनी गार्डशेजारी उभं केलं, बोटाने नीट टेकवलं.

"सोडा आता गाडी."

काकांनी बटण इतकं हळू फिरवलं की गाडी हलली, ते आधी काकूंनाच कळलं.