एकविसानंतर चोवीस
माझ्या दोस्ताचं पुस्तक मी दुरुस्त करता करता बिघडवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दोस्त मालेगावच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. लग्नपत्रिकांतून वेळ काढून त्यानं स्वतः रचलेली एक गोष्ट छापली, खेळासारखी. वाचणारा जुन्या विहिरीत उतरतो आणि प्रत्येक पानाखाली त्याला दोन वाटा मिळतात: भुयारात शिरायचं तर हे पान, पायऱ्या चढायच्या तर ते. पण बाविसाव्या पानावरचे आकडे चुकले, आणि बाहेर पडायची वाट नेमकी तिथूनच होती.

मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी सोता वाचतो. शेवटाले पोचलो तर तुह्यं दुसरं पुस्तक छापू. नाही तर पत्रिकाच जुळव."

दोस्तानं बरोबर आकड्यांच्या चिठ्ठ्या छापल्या. त्या डकवायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. घरून कणकेची खळ शिजवून आणली, सढळ हातानं लावली आणि सगळ्या प्रती पाट्याखाली दाबल्या. वर मालकांसाठी एका कागदावर शेवटापर्यंतची वाट लिहून दिली, कुठून कुठं जायचं ती. लिहिताना पुस्तक उघडलं नाही. गोष्ट मला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी मालक एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात माझा कागद घेऊन बसले.

"काहून रे, बावीस कुठी आहे? एकवीस झालं का चोवीसच येऊन राह्यलं. पान जुळवाचं राह्यलं काय तुह्यं?"

दोस्तानं माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते. मालक पुस्तक मिटायला लागले तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. खळ माझी, तिनंच पानं चिकटलीत, म्हटलं.

दोस्तानं चहाच्या पातेल्यातल्या वाफेवर पुस्तक धरलं आणि बावीस-तेवीस हलकेच सोडवली. एक ओळ समोरच्या पानावर उमटली, पण आकडे वाचता येत होते. मालक पुन्हा विहिरीत उतरले. मी कोपऱ्यात उभा. कितीदा तरी वाटलं, पुढचं पान सांगावं. दुसऱ्याला रस्ता दाखवायची ही खोड माझी आजही गेलेली नाही. स्वतः चालून पाहायचं मात्र राहूनच जातं.

जेवणाच्या सुट्टीआधी मालक विहिरीतून वर आले.

"छापू दुसरं," ते दोस्ताला म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "याले कोनतं काम देऊ?"

"काहीच नका देऊ, भाऊ," दोस्त म्हणाला. "हा रिकामा बसला, तेच लय मदत हाय."